मैदान, मजुरी आणि मुली

(जालना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सकाळपासून आपण ऊसतोडणीचे दर, मोसंबीचा भाव आणि पोलाद कारखान्यांतील कंत्राटी कामगार यांविषयी चर्चा केली. त्यानंतर मी फुटबॉलविषयी, तेही मुलींच्या फुटबॉलविषयी बोलावयास उभा राहिलो, म्हणून काहींना आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मी विषय बदललेला नाही. मलाही श्रमाविषयी आणि श्रमाच्या मोबदल्याविषयीच बोलावयाचे आहे.

फुटबॉलमध्ये मधल्या फळीतील खेळाडूचे काम कष्टाचे असते. बचाव करणाऱ्यांकडून चेंडू घ्यावयाचा, तो राखावयाचा, पुढच्या फळीला नेमका पोहोचवावयाचा आणि चेंडू हातचा गेला की पुन्हा मागे धावावयाचे. नव्वद मिनिटे ही धावपळ चालते. वर्तमानपत्रात नाव मात्र बहुधा गोल करणाऱ्याचे येते. आपल्या घरांतील आणि शेतांतील स्त्रियांना हा अनुभव नवा नाही.

या जागी वीस वर्षे भारताकडून खेळलेल्या ओइनाम बेंबेम देवी यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९८० साली इंफाळमध्ये झाला. मुलांच्या संघात प्रवेश मिळावा म्हणून लहानपणी त्यांना मुलाचे नाव सांगून खेळावे लागले. १९९५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्या भारताच्या संघात आल्या. पुढे कर्णधार झाल्या. दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत २०१० व २०१६ साली सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघांत त्या होत्या. २०१७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार आणि २०२० साली पद्मश्री मिळाली.

ही झाली गौरवाची बाजू. आता उपजीविकेची बाजू पाहा. त्यांना आधार होता तो मणिपूर पोलिसांतील नोकरीचा. स्त्रियांनी फुटबॉल खेळून पगार घ्यावा, अशी राष्ट्रीय लीग त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात देशात नव्हती. २००९ साली तर दीर्घकाळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे भारतीय महिला संघाचे नाव जागतिक क्रमवारीतूनच गळले. परदेशी संघाकडून व्यावसायिक म्हणून खेळण्याची संधी त्यांना २०१४ साली मालदीवमध्ये मिळाली, तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. २०१६ साली त्यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती घेतली. आणि महिलांच्या राष्ट्रीय लीगचा पहिला अंतिम सामना झाला फेब्रुवारी २०१७ मध्ये! तो जिंकणाऱ्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन संघाला मार्गदर्शन त्यांचेच होते. ज्या व्यवसायात त्यांनी आयुष्य घातले, तो व्यवसाय म्हणून उभा राहिला तो त्यांची कारकीर्द संपल्यानंतर.

आपल्या देशात सुरुवातच उशिरा झाली, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. महिला फुटबॉलची राष्ट्रीय संघटना १९७५ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९८० साली कोझिकोडला आणि १९८३ साली बँकॉकला भारतीय महिला आशियात उपविजेत्या ठरल्या. बंगालच्या शांती मलिक, गोव्याच्या योलांडा डिसूझा या त्या पिढीच्या खेळाडू. म्हणजे गुणवत्ता होती, जिद्द होती. नव्हती ती व्यवस्था.

यावर ठराविक उत्तर मिळते की, मुलींचा खेळ पाहावयास कोणी येत नाही, मग पैसा कोठून येणार? या उत्तराची परीक्षा इतिहासाने शंभर वर्षांपूर्वीच घेतली आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील प्रेस्टन शहरी दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलींनी ‘डिक, कर लेडीज’ हा संघ काढला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलमध्ये त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३ हजार लोक जमले. पुढच्याच वर्षी टाळेबंदीत सापडलेल्या खाणकामगारांच्या मदतीसाठी महिला संघ मैदानात उतरले. डिसेंबर १९२१ मध्ये इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने फुटबॉल स्त्रियांना मानवत नाही असे ठरवून आपल्या सदस्य संघांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी सुमारे अर्धशतक टिकली. तेव्हा प्रेक्षक नव्हते म्हणून मैदान गेले, असे झाले नाही. मैदान काढून घेतले म्हणून प्रेक्षक गेले.

आज परिस्थिती काहीशी बदलते आहे. राष्ट्रीय लीगमधील प्रत्येक संघाने निदान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा, असा निर्णय अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ साली जाहीर केला. महिना सुमारे पावणेसत्तावीस हजार! तेही दहांना, संघातील उरलेल्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. बाळंतपणासाठी किमान चौदा आठवड्यांची पगारी रजा हा नियम जागतिक महासंघाने २०२१ पासून लागू केला. कामगार चळवळीने जे हक्क गिरण्यांत मागितले, तेच येथे मागावे लागत आहेत. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडला २-१ असे हरवून भारताने प्रथमच पात्रता फेरीतून महिला आशियाई चषकात प्रवेश मिळविला. दोन्ही गोल संगीता बासफोर या मधल्या फळीतील खेळाडूनेच केले. त्यांची नोकरीही सशस्त्र सीमा बलातली.

आता जालन्याकडे येऊ. दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्याकडून कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुलगी बरोबर गेली तर शाळा सुटते, घरी राहिली तर धाकट्यांचा सांभाळ तिच्यावर येतो आणि आईबापांच्या मागे तिची काळजी नको म्हणून लवकर लग्न उरकले जाते. बालविवाहाचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून या जिल्ह्यात बरेच अधिक आहे. बेंबेम देवी ज्या वयात देशाकडून खेळल्या, त्या वयात आपल्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतात. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण जिच्या पायाला मैदान लागले नाही, ती त्या दारापर्यंत पोहोचणार कशी?

म्हणून आपण ठोस कामे हाती घेऊ. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान सांगितले आहे. प्रत्येक तालुक्यात किती शाळांना ते आहे आणि त्यांपैकी किती मैदानांवर मुली खेळतात, याची पाहणी आपण करू. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ साली मंजूर झाली. मुलींच्या प्रत्येक वसतिगृहाला मैदान आणि प्रशिक्षिका मिळावी, अशी मागणी करू. बालविवाहविरोधी काम आणि खेळाचे काम एकाच कार्यकर्तीकडे सोपवू.

आणि एक आपल्यापुरते. डॉ. लोहियांच्या सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान आहे, हे आपण प्रत्येक शिबिरात सांगतो. त्याच शिबिरात संध्याकाळी मुलगे मैदानावर असतात आणि मुली भाकरी थापत असतात. पुढच्या शिबिरात भाकरीची पाळी सर्वांची असावी आणि मैदानाचीही. पाहणीचे तक्ते आज जाताना तालुकाप्रमुखांनी घेऊन जावेत, एवढीच विनंती.