पापणीला शेजारच्या कातडीचा आधार

खालच्या पापणीच्या कडेला एखादी पुळी येते. दुखत नाही, पण बरीही होत नाही. खपली धरते, निघते, तेवढ्याच जागेतले केस झडतात. जळगाव-धुळ्याच्या उन्हात, केळी-कापसात जन्म काढलेल्यांनी असली पुळी अंगावर काढू नये. तो त्वचेचा कर्करोग असू शकतो.

गाठ काढली की पापणीला खिंडार पडतं. डोळा नीट मिटला नाही, तर बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होते. म्हणून गालाची किंवा कपाळाची कातडी एका बाजूनं जोडलेली ठेवून तिथे वळवतात. रक्तपुरवठा चालू राहतो, कातडी जगते. हाच ‘फ्लॅप’. आतलं मऊ अस्तर मात्र कातडीनं भागत नाही. ते कधी वरच्या पापणीतून खाली ओढतात. मग काही आठवडे तो डोळा शिवून बंदच!

कपाळाच्या फ्लॅपची जगप्रसिद्ध हकिकत आपल्या पुण्याकडची. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला तिथल्या एका कारागिरानं कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, 1794 मध्ये लंडनच्या मासिकात छापून आलं. कारागिराचं नाव मात्र कुणी लिहिलं नाही! डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यासाठी आजही कधी कधी कपाळाची कातडी खाली वळवतात आणि साधारण तीन आठवड्यांनी तिचा कपाळाशी जोडलेला देठ कापतात.