खिळ्यांचे शिसे

गेल्या काही दशकांत महाराष्ट्रातील, आणि महाराष्ट्राबाहेर इंदूर-बडोद्यासारख्या शहरांतील, खिळे जुळवून छपाई करणारे छापखाने एकामागून एक बंद पडले. ज्या खिळ्यांनी आमची पंचांगे, लग्नपत्रिका आणि क्रमिक पुस्तके छापली, ते पोत्यांत भरून किलोच्या भावाने मोडीत गेले. त्यांतील एक पोते माझ्या घरी आले. सुतारकाम आणि किरकोळ ओतकाम हा माझा निवृत्तीनंतरचा विरंगुळा. मागील पडवीत माझी लहानशी कार्यशाळा आहे. त्या पोत्याने मला जे शिकविले ते आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे. कारण शिसे घरात आणणारा मी एकटाच नव्हे. जुन्या नळांच्या सांध्यांतील शिसे, जुन्या तारांवरील शिशाचे वेष्टन, मोटारीच्या चाकाचा तोल साधणारी वजने, अशा नाना रूपांनी ते हौशी कारागिरांच्या हाती येत असते.

खिळ्याचा धातू म्हणजे निव्वळ शिसे नव्हे. त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलेले असते. शुद्ध शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. खिळ्यांचा धातू त्याहूनही कमी उष्णतेवर पाघळतो, साच्याचे कानेकोपरे नीट भरतो आणि थंड झाल्यावर कठीण राहतो. ओळंबा ओतावयाचा तर याहून चांगला धातू मिळणे अवघड. उलट कोकणातील पागाच्या कडेला लावावयाच्या वजनांसाठी तो कुचकामाचा. ती वजने दोरीवर ठोकून, चिमटून बसवावी लागतात आणि खिळ्यांचा धातू ठोकला की तडकतो. तेथे तारेच्या वेष्टनाचे मऊ शिसेच हवे. म्हणून मोडीतील शिसे प्रथम जातवार वेगळे करावे. मोटारीची बॅटरी मात्र या निवडीत घेऊच नये. तिच्यात तीव्र आम्ल असते आणि तिच्या पट्ट्यांत सलग धातूपेक्षा शिशाच्या संयुगांची भुकटीच अधिक. सेनेगलमधील डकार शहराच्या एका उपनगरात 2007-08 साली जुन्या बॅटऱ्यांतील शिशाच्या मातीने अठरा बालके दगावली. बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. आपल्याकडील नियमही तेच सांगतात.

माझी पहिली चूक पाण्याची. खिळे पावसाळाभर ओलसर गोदामात पडलेले होते. त्यांतील मूठभर मी वितळलेल्या रसात टाकले मात्र, आणि आत अडकलेल्या ओलीची क्षणात वाफ होऊन रस कढईबाहेर उसळला. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून डोळे वाचले. मनगटावरचा डाग अद्याप आहे. तेव्हापासून खिळे, पळी आणि साचा हे तिन्ही आधी तापवून कोरडे केल्याशिवाय मी रसाजवळ नेत नाही.

दुसरी चूक अधिक खोल होती, कारण ती करीत असताना आपण मोठे सावध आहोत अशी माझी समजूत होती. धोका काय तो धुराचा, असे मी धरून चाललो होतो. त्यामुळे शेगडी उघड्यावर, वारा पाठीशी, आणि रस लाल होईपर्यंत तापवावयाचा नाही, एवढे मी कटाक्षाने पाळी. ते योग्यच होते. पाचशे अंशांच्या पुढे शिशाची वाफ झपाट्याने वाढते. पण रसावर जी करडी साय धरते, ती काढून मी पडवीच्या कोपऱ्यात टाकीत असे, आणि सायंकाळी केरसुणीने सारे झाडून त्याच सदऱ्यानिशी नातीला मांडीवर घेत असे. ती तेव्हा दोन वर्षांची होती. तिचा चेहरा फिकट दिसू लागला, जेवणावरची वासना उडाली. डॉक्टरांनी घरात कोण काय करते याची चौकशी केली आणि रक्तातील शिसे तपासावयास सांगितले. ते डेसिलिटरला 9 मायक्रोग्रॅम निघाले. 5 मायक्रोग्रॅमला पोहोचले की त्याचे मूळ शोधावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सांगितले आहे. आणि निर्धोक असे कोणतेच प्रमाण ठाऊक नाही, हेही सांगितले आहे. मूळ तर डॉक्टरांसमोरच बसले होते.

पुढे वाचनात आले, की बेंजामिन फ्रँकलिनला हे पूर्वीच कळले होते. 1724 साली लंडनच्या छापखान्यात खिळे जुळवीत असताना तो थंडीत खिळ्यांची पेटी विस्तवापुढे तापवीत असे; हात जातील, अशी ताकीद त्याला एका वृद्ध कामगाराने दिली. 1786 सालच्या एका पत्रात हे सांगून तो पुढे एका खिळे ओतणाऱ्याचे मत नोंदवितो. वाफेचे त्या गृहस्थाला फारसे भय वाटत नव्हते. हात न धुता जेवावयास बसणाऱ्या कामगारांच्या पोटात जाणाऱ्या कणांना तो दोष देत होता. वाफेविषयी तो जरा बेफिकीरच म्हणावयाचा. हातांविषयी मात्र त्याचे बरोबर होते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल प्रौढाच्या चार-पाच पट शोषून घेते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठविते आणि तेथे ते वर्षानुवर्षे राहते. गर्भवती स्त्रीच्या हाडांतून ते गर्भापर्यंतही पोहोचते.

आता पडवीत केरसुणी नाही. फरशी ओल्या फडक्याने पुसतो आणि ते फडके घरात येत नाही. करडी साय झाकणाच्या डब्यात, वर नाव लिहून. डबा भरला की शिशाच्या परवानाधारक कारखान्याकडे. कामाचे कपडे आणि वहाणा पडवीतच राहतात व कपडे वेगळे धुतले जातात. तोंडाला रुमाल बांधणे मी सोडले, कारण त्याने बारीक कण अडत नाहीत. कण अडविणारा मुखपट वापरतो. तंबाखू सुटली, हा एक अनपेक्षित लाभ. ओतलेल्या ओळंब्याला रंगाचे दोन हात देतो, म्हणजे हाताला धातू लागत नाही. या शिशाचे खेळणे, दागिना वा स्वयंपाकघरातील कोणतीही वस्तू करीत नाही. ज्या कढईत ते एकदा वितळले ती पुन्हा चुलीवर चढत नाही. ओतकामाच्या दिवशी नात आजोळी असते.

सहा महिन्यांनी तिचे रक्त पुन्हा तपासले, तेव्हा आकडा 4 वर आला होता. आता तो दरवर्षी तपासतो, आणि तिच्याबरोबर माझाही.

पोत्यातील बहुतेक खिळे ओतून संपले. ‘ळ’चे तेवढे मी वितळविले नाहीत. एका काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून, ते उंच फळीवर ठेवले आहेत.