खेळ कोणाचा, नियम कोणाचे?
(कार्यकर्त्यांपुढील भाषणाचा सारांश)



वीज आणि इंधन वाचावे म्हणून आता कामाच्या ठिकाणी खेळ मांडले जातात : गुण, पदके, विभागाविभागांतील चढाओढ. त्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश विमान कंपनीत २०१४ साली ३३५ कप्तानांवर याच धाटणीचा प्रयोग झाला. काहींना कामगिरीचा मासिक अहवाल मिळे, काहींना लक्ष्येही दिली जात, तर काहींनी लक्ष्य गाठल्यास धर्मादाय संस्थेला देणगी जाई. इंधन वाचले. आपल्यावर नजर आहे, एवढेच ठाऊक असलेल्या कप्तानांनीही काटकसर केली.

प्रश्न उभा राहतो तो येथेच. कोणत्या बचतीला गुण द्यायचे, हे कोणी ठरवायचे? आणि बचतीचा पैसा कोणाचा?

१९७६ साली ब्रिटनमधील ल्युकस एरोस्पेसच्या कामगार प्रतिनिधींनी नोकरकपातीला उत्तर म्हणून पर्यायी योजना मांडली. लष्करी सामग्रीऐवजी उष्णता-पंप, पवनऊर्जेची साधने अशी सुमारे दीडशे समाजोपयोगी उत्पादने तीत होती. त्यासाठी कोणी पदकाचे आमिष दाखवले नव्हते. व्यवस्थापनाने योजना फेटाळली. कारण काय निर्माण करावे, हा निर्णय कामगारांच्या हाती देण्याची त्याची तयारी नव्हती.

म्हणून संघटनांनी या खेळांवर बहिष्कार घालू नये; नियम ठरवण्यात वाटा मागावा. मोजमाप व्यक्तीचे नव्हे, विभागाचे व्हावे. बचतीचा हिशेब उघड असावा आणि तिच्या विनियोगात कामगारांचे मत घेतले जावे. दिवा मालवण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली जाते, त्याला कारखाना कशासाठी चालावा हे सांगण्याचाही अधिकार हवा.