माळ्यावरचं सामान
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



आपण बरेच जण शहापूर-मुरबाडच्या गावांतून इथे आलो. गावचं घर म्हणजे ओटी, पडवी, माजघर, वर माळा. वर्षाचं भात कणगीत, पावसाळ्याची लाकडं पडवीत. चार महिने धो धो पाऊस आणि बाजार लांब, मग साठवण करावीच लागे. इथे दुकान खाली, गॅस घरपोच. तरी काही टाकायला हात धजत नाही. माळा भरला की सामान जिन्यात येतं. आजारी माणसाला खुर्चीत बसवून त्या जिन्यातून उतरवताना काय होतं, ते आपण पाहिलंय. आग लागली तर विचारूच नका.

पण आवरताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा हं! आमच्या आईचं जातं बाल्कनीत पडून होतं. मुलगी म्हणाली, काढूया. आई म्हणाली, "लग्नाची हळद मग मिक्सरवर दळणार का गं?" जातं राहिलं. पुढे आपल्याच बिल्डिंगमधल्या तीन लग्नांत ते फिरलं.

म्हसा यात्रेतून आणलेल्या घोंगड्या मात्र चार निघाल्या. एक ठेवली, तीन गावी शेतावर राखणीला झोपणाऱ्यांना दिल्या. द्यायचं ते थंडीआधी द्या, कसर लागल्यावर देऊन काय उपयोग?

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता भंगारवाला गेटवर येईल. जिन्यातलं आधी काढा. जातं कुणाला लागलं तर आमच्याकडे आहे. उचलायला दोन माणसं आणा.