पाण्यातले गाणे



विषयाचे नाव पुकारले गेले तेव्हा आपल्यापैकी काहींच्या मुद्रेवर जे स्मित उमटले ते मला येथून दिसले, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. कारण गाण्यांचे अवघे भांडार खिशातल्या स्मार्टफोनमध्ये असताना केवळ गाणे ऐकण्यासाठी, तेही पाण्यात बुडवता येईल असे, निराळे यंत्र बाळगणे हा रिकामटेकडा खटाटोप वाटणे साहजिक आहे. सोनी कंपनीने १९७९ साली वॉकमन विक्रीस आणला आणि १९८३ साली शिंतोड्यांना दाद न देणारी त्याची पिवळीजर्द आवृत्ती काढली, तेव्हा हा प्रश्नच उद्भवत नव्हता. फोन बापडा घरात तिपाईवर तारेने जखडलेला होता.

आता फोनही पाण्याला भीत नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु ‘आयपी ६७’ या दाखल्यातील ७ या अंकाचा अर्थ इतकाच, की १ मीटरपर्यंतच्या पाण्यात ३० मिनिटे ठेवले असता यंत्राला अपाय होत नाही. तलावातील क्लोरीन, समुद्राचे मीठ, न्हाणीघरातला साबण यांची जोखीम तो दाखला पत्करीत नाही, आणि हमीपत्राच्या बारीक अक्षरांत पाण्याने झालेल्या नुकसानीची जबाबदारी बहुधा वगळलेलीच असते. माझा भिजलेला फोन मी दुरुस्तीस नेला, तेव्हा तेथील तरुणाने सिमकार्डाची खाच उघडून आत विजेरीचा झोत टाकला. एरवी पांढरा असणारा एक इवलासा ठिपका लाल झालेला त्याला दिसला, आणि माझी कैफियत पुरी होण्यापूर्वीच अर्ज निकालात निघाला.

पण समजा, फोन टिकला. तरी पाण्यात त्याचा उपयोग काय? ओल्या काचेवर बोट कोणते आणि थेंब कोणता हे त्याला नीट उमगत नाही, ही किरकोळ अडचण झाली. खरी मेख निराळीच आहे. ब्लूटूथच्या लहरी सुमारे २.४ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या असतात, आणि त्या लहरी पाणी इतक्या उत्कटतेने शोषून घेते, की काठावरच्या फोनमधून निघालेले गाणे पोहणाऱ्याने डोके पाण्याखाली घालताच, चार-सहा बोटांच्या अंतरातच, विरून जाते. म्हणून पोहणाऱ्याचे गाणे त्याच्या डोक्यावरच, कानाशी बांधलेल्या यंत्राच्या पोटात साठवलेले असावे लागते. त्यातली काही यंत्रे कानात न शिरता कानापुढच्या हाडावर टेकतात आणि हाडातूनच कंप आत पोचवतात. गंमत अशी, की कानात बोळे घातले म्हणजे ते गाणे अधिकच भरदार ऐकू येते.

या यंत्राची वकिली करताना त्याचे दोष दडवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. मासिक वर्गणी भरून फोनवर आपण जी गाणी ऐकतो ती त्यात सहसा उतरवता येत नाहीत. स्वतःच्या मालकीच्या ध्वनिफिती संगणकावरून तारेने भराव्या लागतात, आणि हे काम माझ्या घरी भाच्याच्या सवडीवर अवलंबून असल्यामुळे गेल्या दिवाळीपासून माझ्या यंत्रातली गाणी बदललेली नाहीत. पडदा नसल्याने पुढचे गाणे कोणते हे दिसत नाही, पण एव्हाना क्रम पाठ झाला आहे; कानामागची गुंडी चाचपून सुरू केली, की आठव्या फेरीच्या वळणावर यमनाची द्रुत चीज लागते, आणि माझा दम नेमका तेथेच तुटतो.