‘मला कांजिण्या आल्याच नाहीत!’
(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)



आज मी परीक्षेच्या निकालाविषयी बोलणार नाही. एका गैरसमजाविषयी बोलणार आहे. तो मी स्वतः बत्तीस वर्षे बाळगला.

माझे बालपण वडशाला गेले. मी सहा वर्षांचा असताना माझ्या तिन्ही भावंडांना कांजिण्या आल्या. मला एकही फोड आला नाही. दादी कौतुकाने म्हणायची, “याचं रक्तच वेगळं आहे.” पुढे शिक्षक झालो. चार वर्षांपूर्वी वसतिगृहातील एका मुलाला ताप भरला, अंगावर पाण्याचे फोड उठले. मी रात्रभर त्याच्या खाटेशी बसलो. पंधराव्या दिवशी मलाच ताप आला. मुलगा आठवड्याभरात खेळू लागला. मी मात्र तीन आठवडे अंथरुणावर होतो. पत्नी त्या वेळी पाच महिन्यांची गरोदर होती. तिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्याचे सासूबाईंनी सांगितले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मित्रहो, ‘मला आल्या नाहीत’ याचे दोन अर्थ होतात. एक, रोग इतका सौम्य येऊन गेला की कोणाच्या लक्षातच आला नाही. अशा माणसाच्या रक्तात संरक्षण असते. दुसरा, रोगाची गाठच पडली नाही. अशा माणसाला तो केव्हाही होऊ शकतो. थंड देशांत लस येण्यापूर्वी बहुतेकांना हा रोग लहानपणीच होऊन जाई. उष्ण मुलखात तो मोठेपणी होण्याचे प्रमाण अधिक आहे. त्यात आपला जंगलाचा भाग. भामरागड-एटापल्लीकडच्या दूरदूरच्या पाड्यांतील मुलाची या रोगाशी पहिली गाठ आश्रमशाळेतच पडू शकते.

कोणी वडीलधारे दंडावरचा व्रण दाखवतात. तो देवीच्या लसीचा. देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे 1980 साली जाहीर झाले. परंतु कांजिण्यांचा विषाणू निराळा, त्या लसीचा येथे उपयोग नाही.

मोठ्या माणसाला हा रोग जड जातो. फुप्फुसाला सूज येऊ शकते. गरोदर स्त्रीच्या बाबतीत आई व बाळ दोघांनाही धोका असतो. म्हणून अंदाजावर राहू नका. प्रथम आईला, आजीला विचारा. शंका राहिली तर रक्ततपासणी करता येते. संरक्षण नसेल तर लस आहे, जपानचे डॉ. ताकाहाशी यांनी ती 1974 च्या सुमारास तयार केली. मोठ्यांना तिच्या दोन मात्रा लागतात. गरोदरपणी मात्र ती घेत नाहीत. म्हणून मुलींची चौकशी लग्नापूर्वीच करावी. रुग्णाशी संपर्क आला असेल तर तीन ते पाच दिवसांत लस घेतल्यानेही फायदा होतो. गरोदर स्त्रीने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आपल्याकडे ‘माता आली’ की दारी कडुलिंबाची डहाळी लावतात. पाहुण्याला दूर ठेवण्याची ती रीत चांगलीच आहे. पण पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रोग पसरतो, हे ध्यानात ठेवा. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नका. हजेरीची चिंता करू नका. अंगावर खपल्या घेऊन परीक्षेला बसणारा मुलगा मला नको. तो बरा होऊन यावा, मी त्याला मागचा सर्व अभ्यास शिकवीन.

आज घरी गेल्यावर आईला एवढे एकच विचारा : “मला कांजिण्या येऊन गेल्या का?”

खुदा हाफिज.