साठ की अठ्ठावन्न? निवृत्तीच्या वयाचा हिशोब

(कामगार दिनानिमित्त पुण्यात झालेल्या अभ्यासवर्गातील भाषण)



या विषयावर मी बोलणार हे कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारले, "तू आयटीवाला, अजून चाळिशीही गाठली नाहीस, तुला आत्ताच निवृत्तीची काय पडली आहे?" प्रश्न गमतीचा असला तरी त्याचे उत्तर मला गंभीरपणे द्यायचे आहे. निवृत्तीचे वय सरकारी कागदावर ठरते, पण त्याचा परिणाम त्या कागदात ज्याचे नावही नाही अशा माणसापर्यंत पोहोचतो.

आधी वस्तुस्थिती पाहू. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय १९६२ साली ५५ वरून ५८ केले आणि १९९८ साली ५८ वरून ६०. महाराष्ट्र सरकारने दुसरी पायरी चढलेली नाही. राज्यात गट अ, ब आणि क मधले कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, तर गट ड म्हणजे चतुर्थश्रेणी कर्मचारी ६० व्या वर्षी. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ पर्यंत काम करतात, सर्वोच्च न्यायालयाचे ६५ पर्यंत. माणसाची कामाची ताकद अमुक वर्षी संपते असे कोणत्या शास्त्राने ठरवले म्हणून हे आकडे आलेले नाहीत. त्या त्या वेळच्या तडजोडीतून ते ठरले आहेत, आणि तडजोड म्हटली की कोणाला काय मिळाले हे विचारावेच लागते.

राजपत्रित अधिकारी महासंघ आणि इतर संघटना अनेक वर्षे मागणी करत आहेत की, केंद्राप्रमाणे राज्यातही वय ६० करा. या मागणीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. राज्य सरकारी नोकरीत प्रवेशाची कमाल वयोमर्यादा २०१६ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ झाली. म्हणजे ३८ व्या वर्षी लागलेल्याच्या वाट्याला २० वर्षांची नोकरी येते आणि ४३ व्या वर्षी लागलेल्याच्या वाट्याला फक्त १५. त्यात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू नाही. पेन्शन पगारातून साठणाऱ्या रकमेवर अवलंबून असेल तर दोन वर्षे जास्त मिळणे ही लहान गोष्ट नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी संपावर गेले, त्यामागे हीच म्हातारपणाची भीती होती.

आता दुसरी बाजू. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ इथल्या अभ्यासिकांतून फिरून या. कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन पाच-सहा वर्षे परीक्षा देणारी मुले-मुली तिथे भेटतील. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. या मुलांना 'वय ६०' म्हणजे काय वाटते?

साधे गणित मांडू. समजा एका खात्यात ३०० माणसे आहेत आणि दरवर्षी १० निवृत्त होतात. वय दोन वर्षांनी वाढवले की दोन वर्षे कोणीच निवृत्त होत नाही. २० जागा बंद होत नाहीत, पुढे ढकलल्या जातात. तिसऱ्या वर्षापासून गाडी पुन्हा सुरू होते. पण ज्याचे वय आज ३७ आहे त्याच्यासाठी पुढे ढकलणे आणि बंद होणे यात काही फरक नाही. केरळमध्ये २०२२ साली सार्वजनिक उपक्रमांतले निवृत्तीचे वय ६० करण्याचा आदेश निघाला तेव्हा तरुणांनी इतका विरोध केला की सरकारला तो थांबवावा लागला.

तरीही म्हाताऱ्यांनी तरुणांच्या जागा अडवल्या, हा निष्कर्ष मला पटत नाही. निवृत्तीने मोकळी झालेली जागा वर्षानुवर्षे भरलीच नाही, किंवा कंत्राटावर भरली, तर बाप घरी बसतो आणि मुलगाही घरीच राहतो. म्हणून माझे म्हणणे असे की, वय वाढवायचेच असेल तर आधी रिक्त पदे भरण्याचे वेळापत्रक बांधून घ्या. पहिली गोष्ट होणार आणि दुसरी होणार नाही, अशी बोली नको.

आता खासगी क्षेत्राकडे येऊ. माझे अब्बा पिंपरीच्या एका कारखान्यात होते. ५८ पूर्ण झाल्यावर त्यांना शाल आणि श्रीफळ मिळाले. त्यांची ईपीएस पेन्शन सुरू झाली, तिच्यात घरातला किराणाही पुरा होत नाही. १९९५ च्या या योजनेचे सूत्र असे आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पगाराची मर्यादा २०१४ मध्ये १५,००० रुपये झाली. पूर्ण १५,००० धरले, ३० वर्षांची सेवा धरली, वर दोन वर्षांचा बोनस धरला, तरी महिना सात हजारही होत नाहीत. किमान पेन्शन २०१४ मध्ये ठरली ती एक हजार रुपये. ती ७,५०० आणि वर महागाई भत्ता असावी म्हणून बुलढाण्यात पेन्शनरांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले. या माणसांना निवृत्तीचे वय ६० करून काय मिळेल? ५८ ऐवजी ६० व्या वर्षी पेन्शन घेतली तर दरवर्षी चार टक्के वाढ मिळते, म्हणजे हजाराचे एक हजार ऐंशी.

माझ्या क्षेत्रात तर वेगळीच गंमत आहे. नेमणूकपत्रावर निवृत्तीचे वय ६० लिहिलेले असते, पण हिंजवडीत किंवा खराडीत साठीचा प्रोग्रॅमर शोधून दाखवा. पंचेचाळिशीच्या आसपास माणसाला एका खोलीत बोलावतात आणि 'स्वेच्छेने' राजीनामा मागतात. माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला अर्ध्या तासात लॅपटॉप जमा करायला सांगितले होते. घराचे हप्ते मात्र साठीपर्यंत चालूच राहतात. त्यातून सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० पेक्षा जास्त मूळ पगारावर पहिल्यांदा नोकरीला लागलेला माणूस ईपीएसमध्ये येतच नाही. त्याला पीएफ आहे, पेन्शन नाही. त्यामुळे कागदावरचे वय वाढवण्यापेक्षा त्या वयापर्यंत नोकरी टिकण्याची हमी आम्हाला जास्त मोलाची आहे.

बायकांच्या बाबतीत हे जुनेच दुखणे आहे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी, किंवा त्याआधी पहिल्या गरोदरपणातच निवृत्त करण्याचा नियम होता. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली. निवृत्तीचे वय हा हक्काचा प्रश्न आहे, हे त्या बायकांनी आपल्या आधी ओळखले होते.

आणि आता ज्यांना निवृत्तीच नाही त्यांच्याविषयी. नाना पेठेतले गॅरेजवाले, भवानी पेठेतले भंगारवाले, काशेवाडीतल्या घरी बसून शिलाई करणाऱ्या बायका, बेकरीतले कारागीर. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की, मुस्लिमांत स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण जास्त आहे आणि नियमित पगारी नोकरीत असणाऱ्यांचे कमी. पण हा प्रश्न एका समाजाचा नाही. मार्केट यार्डातला हमाल कोणत्याही जातीधर्माचा असो, त्याची पाठ ५८ ची वाट पाहत नाही. पोत्याचे वजन १०० किलोवरून ५० वर आणण्यासाठी हमालांना लढावे लागले. टेबलावरच्या कामाला साठ ठीक आहे, पाठीवरच्या कामाला ते जुलूम आहे.

या लोकांसाठी योजना नाहीत असे नाही. २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना साठीनंतर तीन हजार देते, पण चाळिशीनंतर तिच्यात नाव नोंदवता येत नाही. राज्याची श्रावणबाळ योजना वयाच्या ६५ व्या वर्षी सुरू होते आणि २०२३ च्या वाढीनंतर महिना १,५०० रुपये देते. कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिना १,७५०. एवढ्या उत्पन्नात पुण्यात कोणते कुटुंब राहते, हे मला कोणीतरी सांगावे. सरकारी बाबू ५८ व्या वर्षी थकला असे मानायचे आणि हमाल ६५ पर्यंत थकत नाही असे मानायचे, हा कुठला न्याय?

डॉ. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेतर्फे मागणी केली होती की, प्रत्येक कष्टकऱ्याला किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळावी. मला तीच दिशा बरोबर वाटते. काम थांबवण्याचे वय आणि पेन्शन सुरू होण्याचे वय हे दोन प्रश्न वेगळे करा. ज्याला काम झेपते आणि करायचे आहे त्याला वयाच्या आकड्यावरून घालवू नका; ज्याचे शरीर थकले त्याला आकड्यासाठी राबवू नका. जड कामाला पेन्शन लवकर मिळावी, आणि ती मागायला उत्पन्नाचा खोटा दाखला आणायची वेळ कोणावर येऊ नये.

शेवटी एक काम सुचवतो. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यातल्या, चाळीतल्या, सोसायटीत कामाला येणाऱ्या साठीपुढच्या पाच माणसांना भेटावे. ती काय काम करतात, कोणती पेन्शन मिळते, अर्ज कुठे अडला, एवढे तीन प्रश्न विचारून लिहून आणावे. त्याची यादी करणे, अर्ज भरायला मदत करणे हे आम्हा आयटीवाल्यांना सहज जमेल. ती यादी घेऊन आपण तहसील कार्यालयात जाऊ. वय ५८ की ६० हा वाद मंत्रालयात चालू राहील, तोवर या माणसांनी थांबायचे कारण नाही.